शेवटचे तीन खण

दि. ३ फेब्रुवारी

श्रीमती वहिनी यांस,

नमस्कार. आपल्या व माझ्या घरात दहा पावलांचे अंतर असताना मला पत्र लिहावे लागत आहे, यावरून विषयाचे गांभीर्य आपल्या ध्यानी यावे. आपले यजमान घड्याळजी गेल्यापासून आपण घरी एकट्या असता. अशा वेळी दारात उभे राहून तक्रार सांगणे मला प्रशस्त वाटले नाही.

आपला कुत्रा गेल्या अकरा दिवसांत नऊ वेळा माझ्या परसात शिरला. परसातील ओट्याला गिलावा करण्यासाठी मी वाळू आणली, दोनदा चाळली व मागच्या कोपऱ्यात भिंतीलगत तिचा ढीग केला. ती उडू नये म्हणून मी रोज पाणी मारतो. सदर कुत्रा त्या गार वाळूत खळगा करून दुपारभर पडतो. त्याचे केस वाळूत मिसळतात. केसाळ गिलावा मी आयुष्यात केलेला नाही व शहात्तराव्या वर्षी करणार नाही.

परंतु वाळू ही गौण बाब. मुख्य बाब भिंतीची. आपल्या दोन घरांमधील भिंत मी एकतीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने बांधली. साडेसहा फूट उंच, आणि आजवर केसाएवढा तडा नाही. या गल्लीत कोणाला घर बांधायचे झाले की लोक आधी ती भिंत पाहून जात व मग मला काम सांगत. काल समोरचा न्हावी माझी दाढी करताना म्हणाला, "मिस्त्री, भिंत बांधलीत की चाळण? कुत्रं पंगतीला बोलावल्यासारखं रोज वेळेवर आत येतंय!" दुकानात तिघे बसले होते. तिघेही हसले. माझ्या अर्ध्या गालाला साबण होता, म्हणून उठून येता आले नाही.

माझ्या हातच्या भिंतीला जनावर अडवता येत नाही, असे लोकांत बोलले जावे हे मी जिवंतपणी होऊ देणार नाही. तरी आठ दिवसांच्या आत कुत्रा साखळीने बांधून ठेवावा.

कळावे. लोभ पूर्वीसारखा इकडे असू द्यावा, कुत्रा तिकडे.

मिस्त्री


दि. ४ फेब्रुवारी

मिस्त्री भावोजी,

तुमचं पत्र दाराच्या फटीतून आत आलं तेव्हा मला वाटलं, कोर्टाचं समन्स आलं. उघडण्याआधी दोनदा चष्मा पुसला.

अहो, तुमची भिंत साडेसहा फूट, आणि आमच्या ह्या प्राण्याचा मागचा डावा पाय अधू. त्याला माझ्या खाटेवर चढवायलासुद्धा खालून हात द्यावा लागतो. तो तुमच्या भिंतीवरून उड्या मारतो असं म्हणालात तर न्हावी याच्यापेक्षाही जास्त हसेल. आधी तुमच्या फाटकाची कडी बघा. ती लागत नाही असं तुमची लेक दर सुट्टीत येऊन सांगून जाते.

साखळीचं मात्र जमणार नाही. हे गेल्यावर तिसऱ्या महिन्यात तो माझ्या दारात आला. एका बंद पडलेल्या दुकानामागे कोणीतरी त्याला बांधून निघून गेलं होतं. तो कसा सुटला देव जाणे. त्याच्या मानेवर अजून केस येत नाहीत, तिथे साखळीचा वण आहे. कधी हात लावून बघा. त्याच्या गळ्यात मी दोरासुद्धा घालणार नाही, तुम्ही आठ दिवस द्या नाहीतर आठ वर्षं.

तोवर तो आला तर "मुकादम, घरी जा" एवढं म्हणा. ऐकतो.

तुमची वहिनी


दि. ६ फेब्रुवारी

श्रीमती वहिनी यांस,

उत्तर पोहोचले. फाटकाची कडी मी त्याच दिवशी बदलली व ती लागते, याची तीन वेळा खात्री केली. त्यानंतर काल दुपारी एक ते चार मी ओट्यावर खुर्ची टाकून फाटकाकडे तोंड करून बसलो. फाटकातून मांजरही आले नाही. चार वाजता मान वळवून पाहतो, तर आपला कुत्रा वाळूत निजलेला. घोरत होता.

दुसरी गोष्ट त्याच्या नावाची. मी बत्तीस वर्षे मुकादम म्हणून माणसे सांभाळली आहेत, हे आपणांस ठाऊक आहे. कुत्र्याला तेच नाव देण्यामागचा आपला हेतू मी विचारत नाही. फक्त मला तो समजला आहे, एवढे नमूद करतो.

आज मी भिंतीच्या कडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढरी भुकटी पसरली आहे. पाऊल जेथून उमटेल तेथून वाट आहे, हे सिद्ध होईल. वाट सापडली की ती बंद होईल. न सापडल्यास नगरपालिकेकडे अर्ज जाईल. अर्जाचा मसुदा तयार आहे.

मिस्त्री


दि. ७ फेब्रुवारी

भावोजी,

दुपारी तीन वाजता आमचे हे महाशय चारी पायांत पांढरे मोजे घालून घरात आले आणि माझ्या धुतलेल्या चादरीवरून फिरून बसले. चुना पोळतो, हे मी तुम्हाला सांगायचं? घंगाळभर पाण्यात त्याचे पाय धुतले, एकेक बोट उघडून. तो आपला माझं तोंड चाटतोय. त्याच्या पायाला फोड आला असता तर मी पत्र लिहिलं नसतं, समोर येऊन बोलले असते, आणि ते सगळ्या गल्लीनं ऐकलं असतं.

नावाचं म्हणाल तर ते दूधवाल्याने ठेवलं. "स्वतः सावलीत बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे काम चुकल्यासारखा बघतो," म्हणाला. तुमचा त्यात काही संबंध नाही. आता तुम्हाला ते लागलं, त्याला माझा इलाज नाही.

वहिनी


दि. ७ फेब्रुवारी, सायंकाळी

श्रीमती वहिनी यांस,

ती भुकटी चुन्याची नव्हे, खडूची आहे. भिंतीवर रेघ मारण्याच्या दोरीला ती लावतात. मुले पाटीवर लिहितात, त्याहून ती अधिक अपायकारक नाही. मुक्या जनावराला भाजणारा माणूस मी नाही. आपणांस क्षणभर तसे वाटले, याचे मला वाईट वाटले.

पावले सापडली. ती मागच्या कोपऱ्यातून, बांधकामाच्या परांचीच्या जुन्या फळ्या रचून ठेवल्या आहेत त्यांच्या आडून येतात. आपल्या कुत्र्याने आपल्या बाजूने भिंतीखालून बीळ पाडले असावे. उद्या सकाळी दहा वाजता फळ्या हलवून ते दगड व सिमेंट घालून कायमचे बंद करीन. प्रकरण मिटले. अर्ज फाडून टाकला आहे.

मिस्त्री


दि. १६ फेब्रुवारी

मिस्त्री भावोजी,

आज नऊ दिवस झाले, तुमचं पत्र नाही. तुमचं पत्र आलं की माझं रक्त उसळतं आणि आलं नाही की चैन पडत नाही. काय म्हणावं याला!

तुम्ही बीळ बुजवणार होतात. मुकादम तर रोज जातोय आणि रोज येतोय, ओल्या पोटाचा. तुम्ही त्याला हाकललंही नाहीत. न्हावी सांगत होता, मिस्त्री आठवडाभर दाढीला आले नाहीत. परवा गच्चीवर कपडे काढायला गेले तर तुम्ही भिंतीशी बसलेले, पुढ्यात पहार, हातात दोरी, आणि नजर जमिनीत. मी हाक मारली. तुम्ही वर बघितलं आणि आत निघून गेलात. इतक्या वर्षांत तुम्ही असं कधी केलं नव्हतं.

बरं नाही का? लेकीला कळवू का? माझ्यावर राग असेल तर तसं लिहा. पण लिहा.

वहिनी


दि. १७ फेब्रुवारी

श्रीमती वहिनी यांस,

प्रकृती ठीक आहे. राग नाही. लेकीला कळवू नये.

एक विनंती आहे, ती आज्ञा समजली तरी चालेल. भिंतीच्या आपल्या बाजूला, मागच्या शेवटच्या तीन खणांपाशी, म्हणजे कोपऱ्याकडील तीन भागांपाशी, आपण सकाळी खुर्ची टाकून बसता व तेथेच कपडे वाळत घालता. आजपासून तेथे बसू नये. कपडे गच्चीवर घालावेत. कुत्र्यालाही तिकडे फिरकू देऊ नये.

कारण विचारू नये.

मिस्त्री


दि. १८ फेब्रुवारी

भावोजी,

मी बावीस वर्षं टेलिफोन ऑफिसात काढली. कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांचं बोलणं जोडून दिलं. पलीकडचा माणूस काय लपवतोय, ते मला त्याच्या नुसत्या श्वासावरून कळायचं. कागदावरून कळणार नाही असं वाटलं का?

माझी खुर्ची तिथे एकतीस वर्षं आहे. सकाळचा चहा मी तिथे पिते. आधी दोघं प्यायचो, आता एकटी पिते. "कारण विचारू नये" म्हणणाऱ्याचं मी माझ्या सासऱ्यांच्या वेळीही ऐकलं नाही. कारण सांगा, उठते. नाही सांगितलंत तर उद्या सकाळी सात वाजता खुर्ची तिथेच, मी खुर्चीत, आणि मुकादम माझ्या पायाशी.

वहिनी


दि. १८ फेब्रुवारी, तातडीने

श्रीमती वहिनी यांस,

उद्या सात वाजता आपण तेथे बसू नये, एवढ्याचसाठी आज लिहितो. अन्यथा आणखी दोन दिवस धीर झाला नसता.

आठ तारखेला मी फळ्या हलवल्या. बीळ होते. दगड नीट बसावेत म्हणून ते पहारीने थोडे मोठे केले आणि पायाचा दगड चाचपण्यासाठी हात आत घातला. पायाचा दगड लागला नाही. खांद्यापर्यंत हात घातला. माती लागली, मुळ्या लागल्या. भिंतीखाली पाया नव्हता.

वहिनी, पाया मी स्वतः भरला होता. दोन फूट रुंद, दगडी. तो भरल्यावर मी दीड महिना परगावी कामाला गेलो. तेवढ्यात पावसाच्या पाण्याने तो सगळा गाळाखाली गेला. परत आल्यावर दर्शनी खांबापासून मागच्या कोपऱ्यातल्या दगडी खांबापर्यंत दोरी ताणली. पुढचे टोक माझ्या हाती होते, मागचे घड्याळजींच्या. मी ओरडून विचारले, "लागली का खांबाला?" ते म्हणाले, "लागली!" दोरी खांबाच्या माझ्या अंगाला लागायला हवी होती. ती लागली होती तुमच्या अंगाला. तो खांब दोन फूट जाड आहे.

पुढच्या दोन खणांत मी गाळ खरवडून पाहिला, खाली पाया लागला. इथे लागला म्हणजे पुढे लागणारच, असे म्हणून पुढचा गाळ मी खरवडला नाही. दोरी तिरकी जात होती आणि भिंत हळूहळू पायावरून उतरत होती. शेवटचे तीन खण नुसत्या मातीवर उभे आहेत. एकतीस वर्षे त्यांना मागच्या खांबाने धरून ठेवले. आता कुत्र्याने ती माती उकरली आहे आणि बीळ मोठे करून मीही त्यात भर घातली आहे. ओळंबा सोडून पाहिला. भिंत तुमच्या बाजूला एक बोट झुकली आहे.

म्हणजे आपण रोज सकाळी जिच्याखाली चहा पिता, ती भिंत नव्हे. ते माझ्या हातचे विटांचे ओझे आहे.

दोरी पुन्हा योग्य अंगाला लावून पाहिली. मागच्या कोपऱ्यात दोन फूट जागा आपली आहे. वाळूचा निम्मा ढीग त्या जागेत येतो. कुत्रा ज्या खळग्यात निजतो, तो खळगाही. तो माझ्या परसात शिरत नव्हता. मी आपल्या परसात शिरलो होतो, भिंतीसकट. कुत्र्याविरुद्धची माझी तक्रार मी मागे घेतो.

शेवटचे तीन खण मी उतरवणार व मूळ पायावर पुन्हा बांधणार. माझ्याच हाताने.

मिस्त्री


दि. १९ फेब्रुवारी

भावोजी,

खुर्ची उचलली. चहा स्वयंपाकघरात उभ्याने प्यायले. कडू लागला.

आता माझं ऐका. झुकली असेल तर कोणी दुसरा गवंडी बोलवा, तो टेकू देईल. तुमचं वय काय, विटा उचलायच्या किती! आणि लोकांना सांगायचंच असेल तर खरं ते सांगा की दोरी ह्यांनी धरली होती. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला खांबाचं कुठलं अंग ते काय कळणार? चूक ह्यांची म्हणा. ते काही उठून भांडायला येणार नाहीत, आणि माझी त्याला हरकत नाही.

दुसरं एक. हे सांगू की नको, असं रात्रभर झालं. दोन फुटांचं ह्यांना माहीत होतं. भिंत झाल्यावर सहा महिन्यांनी कपड्यांच्या तारेसाठी खांबाला आकडा ठोकताना त्यांनी मापलं होतं. मी म्हटलं, सांगा की मिस्त्रींना. तर म्हणाले, "दोन फूट जागेत मी काय शेती करणार आहे? त्याला सांगितलं तर तो भिंत पाडेल आणि मग आठ दिवस जेवणार नाही. एखादं घड्याळ दोन मिनिटं पुढे चालतं. चालू दे." पायाचं त्यांना ठाऊक नव्हतं हो. ते ठाऊक असतं तर मला तिथे बसू दिलं असतं का?

ती जागा आमच्याकडून तुम्हाला कधीच दिलेली आहे. राहू द्या.

वहिनी


दि. २१ फेब्रुवारी

श्रीमती वहिनी यांस,

आपले पत्र मी चार वेळा वाचले. पहिल्या तीन वेळा मला घड्याळजींचा राग आला. तीस वर्षे ते माझ्या ओट्यावर बसून माझ्या तोंडून त्या भिंतीची स्तुती ऐकत होते आणि "वा मिस्त्री" म्हणत होते. चौथ्या वेळी राग राहिला नाही. पण त्यांचे मी मान्य करणार नाही.

जागा सोडली, हा त्यांचा मोठेपणा. परंतु त्यांनी तेव्हाच सांगितले असते, तर मी भिंत त्याच महिन्यात उतरवली असती आणि पाया चुकल्याचे तेव्हाच दिसले असते. मला वाईट वाटू नये म्हणून चूक झाकली गेली आणि त्या झाकलेल्या चुकीखाली आपण एकतीस वर्षे बसलात. माझ्या मानाची एवढी किंमत कोणीही देऊ नये.

आता दोरीविषयी. ज्याला काम कळते, त्याने चाळीस पावले चालून जाऊन दुसरे टोक पाहायचे असते. ज्याला कळत नाही, त्याला ओरडून विचारायचे नसते. मी चाललो नाही, कारण माझे काम चुकेल असे मला तेव्हा वाटतच नव्हते. गेलेल्या माणसाच्या हातात चूक देऊन मी माझे हात धुणार नाही. हा विषय पुन्हा काढू नये.

दुसरा गवंडी येणार नाही. सोमवारी सुरुवात करतो. रोज चार थर उतरवीन, अधिक नाही. धूळ होईल, खिडक्या लावून घ्याव्यात.

मिस्त्री


दि. ११ मार्च

भावोजी,

तुम्ही पत्राशिवाय ऐकत नाही, म्हणून तुमच्या भिंतीतल्या खिंडारातून तुम्हाला दिसत असतानाही लिहिते आहे.

काल तुम्ही दोन तास मधे थांबला नाहीत. दूधवाला म्हणतो, "म्हातारा भिंत पाडतोय की भिंत म्हाताऱ्याला?" मी त्याला म्हटलं, तुझ्या दुधात पाणी किती ते आधी बघ. पण रात्री मलाही झोप नव्हती. पाठीला तेल लावता का? लेकीला मी कळवलं आहे. ओरडा हवं तर. ती म्हणाली, "बाबांना अडवू नका काकू, अडवलं तर सहा थर काढतील."

एक मात्र सांगते. तुम्ही दुपारी जेवायला गेलात की मुकादम त्या उघड्या पायावर जाऊन उभा राहतो. वाळूत नाही, दगडांवर. काय बघतो कोण जाणे.

खिडक्या लावल्या नाहीत. धूळ चालते मला.

वहिनी


दि. २ एप्रिल

श्रीमती वहिनी यांस,

भिंत पूर्ण झाली. शेवटचे तीन खण मूळ पायावर आहेत. प्रत्येक फुटावर माती काढून, दगडाला हात लावून, मगच वीट ठेवली. दोरीची दोन्ही टोके मी स्वतः पाहिली. पाठ दुखते. तेल लावतो.

वाळूचा उरलेला ढीग आता पूर्णपणे आपल्या हद्दीत आला आहे. तो तेथेच असू द्यावा. ओट्यासाठी मी दुसरी आणीन. कुत्र्याला गार जागा स्वतःच्या घरी मिळाल्यावर तो इकडे येणार नाही, व आता भिंतीखालून येऊ शकणारही नाही. गेले तीन दिवस तो आलेला नाही. माझी मागणी पूर्ण झाली, असे नियमाप्रमाणे मान्य करतो.

आज सकाळी न्हाव्याकडे गेलो. मुद्दाम गर्दीच्या वेळी. पाच जण होते. साबण लावण्याआधीच त्याला थांबवले आणि उभ्याने सांगितले, "एकतीस वर्षे मी ज्या भिंतीची फुशारकी मारली, तिचे तीन खण मातीवर होते. चूक माझी. दुसऱ्या कोणाची नाही."

कोणी हसले नाही. ते मला हसण्यापेक्षा जड गेले. मग न्हावी म्हणाला, "अहो मिस्त्री, आमच्या दुकानाची मागची भिंतपण तुमचीच की! तीही त्याच सालातली. ती बरी आहे ना?"

त्याने चेष्टेने विचारले. मी मात्र दाढी न करताच घरी आलो. त्या सालात, त्याच माणसाने, त्याच घमेंडीत आणखी पाच भिंती बांधल्या. त्यांपैकी किती ठिकाणी मी पुढची माती खरवडली नाही, हे आठवण्याचा मी दिवसभर प्रयत्न केला. आठवत नाही. आणि त्या पाचही भिंतींखाली कोणीतरी सकाळी चहा पीत असणार.

तरी सोमवारपासून मी पाचही घरी जाऊन, मालकांस सर्व हकीकत सांगून, पाया तपासणार आहे. पहिली भिंत न्हाव्याची. पहार चालवून सगळीकडे उकरत बसणे या वयात होणार नाही. पोकळ माती कोठे आहे हे वरून ओळखता आले, तर काम सोपे होईल. ती ओळख मला नाही. या गल्लीत ती एकालाच आहे.

म्हणून अर्ज करतो की, आपला मुकादम रोज सकाळी आठ ते दहा माझ्यासोबत कामावर पाठवावा. साखळी वा दोर लागणार नाही. पाण्याची व सावलीची व्यवस्था मी करीन. त्याने उकरू लागल्यास त्याला कोणी रागावणार नाही. जेथे तो उकरील तेथे मी हात घालीन.

उत्तर लेखी द्यावे. सोमवारी पावणेआठला मी आपल्या फाटकाशी उभा असेन.

मिस्त्री